देव कळशात असताना

जुन्या हुबळीच्या सिद्धारूढ मठात मराठी कानावर पडली तर कुणाला नवल वाटत नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या बाजूंची घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात आणि शिवरात्रीच्या रथोत्सवाला तर पाय ठेवायला जागा उरत नाही. सिद्धारूढ स्वामी (१८३६–१९२९) अद्वैत सांगत. नाम आणि रूप येते, जाते. जे येत-जात नाही त्याला ओळखा, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. त्याच जुन्या हुबळीत भवानीशंकराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. तिथल्या नारायणाच्या मूर्तीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले आहेत. म्हणजे एकाच वस्तीत रूपाचा मोह सोडा म्हणणारा मठ आहे आणि रूपावर जीव ओतलेला दगडही आहे.

या दोहोंच्या मध्ये आज एक नवा माणूस उभा राहतो आहे. तो पुजारी नाही, शिल्पीही नाही. जुन्या वास्तूंचे जतन हाच त्याने पोटापाण्याचा धंदा म्हणून निवडला आहे. तो भिंतीतली ओल मोजतो, तडा का गेला ते शोधतो, चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. घरचे त्याला पगाराबद्दल विचारतात. त्याच्यापुढचा खरा प्रश्न मात्र पगाराच्या पलीकडचा आहे: नश्वर ठरवलेल्या गोष्टीला आणखी शंभर वर्षे टिकवण्यात आयुष्य घालवणे ही भक्ती आहे की आसक्ती?

प्रश्न हुबळीत विचारला की तो अधिकच टोकदार होतो, कारण हा मुलूख बसवण्णांचा आहे. बाराव्या शतकात त्यांनी आणि शरणांनी देवळाच्या धर्मालाच आव्हान दिले. श्रीमंत माणूस देऊळ बांधील, गरिबाने काय करावे? त्याचा देह हेच देऊळ. जे स्थावर आहे ते कोसळेल, जे जंगम आहे ते राहील, ही त्यांची भूमिका. आणि ती कुठल्या मोकळ्या माळावर मांडलेली नव्हती. अण्णिगेरीचे अमृतेश्वर देऊळ १०५० च्या सुमाराचे. लक्कुंडीचे जैन मंदिर त्याच शतकाच्या आरंभी अत्तिमब्बे या दानशूर बाईने उभारलेले. इटगीचे महादेव मंदिर १११२ साली सहाव्या विक्रमादित्याच्या महादेव नावाच्या सेनापतीने बांधले आणि शिलालेखात त्याला देवालयांचा चक्रवर्ती म्हटले. या परिसरात मिळणाऱ्या मऊ, हिरवट-काळसर दगडात छिन्नी इतकी बारीक चालते की खांब लाकडासारखे कातलेले दिसतात. ही सगळी वैभवशाली देवळे डोळ्यांपुढे असताना बसवण्णांनी स्थावराला नाकारले. म्हणूनच ते नाकारणे पोकळ वाटत नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कूडलसंगम इथे, बसवण्णांचे ऐक्यस्थळ आहे. नारायणपूर धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा ते बुडणार हे उघड झाले. मग त्याभोवती विहिरीसारखे भक्कम काँक्रीटचे कडे बांधले गेले. आज भाविक त्या कड्याच्या आतल्या पायऱ्यांनी खाली उतरतात आणि बाहेर चहूबाजूंनी जलाशय असतो. स्थावर नाशिवंत आहे असे सांगणाऱ्या महापुरुषाचे स्थान अनुयायांनी बुडू दिले नाही. यात विसंगती शोधणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. माणूस चालता असला तरी आठवणीला टेकायला जागा लागते. बसवण्णांचा विचार जिवंत ठेवणाऱ्यांनाही ती लागलीच.

तेव्हा दगड जपावा की नाही, हा वाद लोकांनी आपल्या वागण्यातून केव्हाच मिटवला आहे. उरतो तो अवघड प्रश्न: जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

यावर आगमशास्त्राकडे एक विलक्षण उत्तर आहे आणि जतनाच्या क्षेत्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यायला हवे. देऊळ किंवा मूर्ती दुरुस्त करायची असेल तर आधी कलाकर्षण करतात. मंत्रपूर्वक देवाचे सान्निध्य मूर्तीतून काढून पाण्याने भरलेल्या कळशात आणतात. काम चालू असेतो पूजा कळशाची किंवा तात्पुरत्या छोट्या देवालयातल्या प्रतीकाची होते. दक्षिणेत त्या देवालयाला बालालय म्हणतात. काम संपले की पुन्हा प्रतिष्ठा, पुन्हा कुंभाभिषेक. ‘मयमत’ या वास्तुग्रंथात जीर्णोद्धारासाठी स्वतंत्र अध्याय आहे आणि नवे देऊळ बांधण्यापेक्षा पडके सावरण्याचे पुण्य मोठे, असे परंपरा आवर्जून सांगते.

या विधीत केवढे तत्त्वज्ञान आहे! परंपरा स्वतःच सांगते की देव आणि दगड एकजीव असले तरी अविभाज्य नाहीत. देव काही काळ दुसरीकडे राहू शकतो. मग त्या काळात गाभाऱ्यात उरते ते काय? पुरोहिताच्या दृष्टीने तो निव्वळ दगड असतो. झिजला तर बदला, भंगला तर विसर्जन करा. जतन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेव्हाच त्या दगडाची खरी बाजू समोर येते. देव कळशात गेला तरी आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा घाव दगडातच राहिलेला असतो. दान देणाऱ्या बाईचे नाव शिलालेखातच असते. हजारो तळव्यांनी गुळगुळीत केलेला उंबरठा कुठेही हलवलेला नसतो. ही माणसे कुठल्याच कळशात मावत नाहीत. त्यांची प्राणप्रतिष्ठा पुन्हा करता येत नाही.

जतनाचा धंदा हा या न हलवता येणाऱ्या माणसांचा वकील आहे. म्हणूनच तो धर्माच्या विरोधात नाही, मात्र धर्माहून वेगळे काही जपतो. हे वेगळेपण विसरले की दोन्हीकडून नुकसान होते.

नुकसान कसे होते ते पाहायला लांब जावे लागत नाही. कृष्णेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, गावोगाव जीर्णोद्धार समित्या स्थापन होतात. वर्गणी भरभरून येते, कारण श्रद्धा खरी असते. मग जुना दगडी मंडप पाडून सिमेंटचा उभा राहतो. पाडला नाही तर खांबांना ऑइलपेंट लागतो, जमिनीवर चकचकीत ग्रॅनाइट येते, सांध्यांमध्ये सिमेंट भरले जाते. सिमेंट भरणाऱ्याला वाटते, भिंत पक्की झाली. प्रत्यक्षात उलट घडते. चुन्याचा सांधा श्वास घेतो. भिंतीत शिरलेले पाणी त्यातून बाहेर निघून जाते. सिमेंट ते पाणी अडवते. अडलेले पाणी मग मऊ दगडातून वाट काढते आणि जाताना क्षार पृष्ठभागाखाली सोडून जाते. ते क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइलपेंटखाली हेच घडते, फक्त रंगामुळे बरीच वर्षे दिसत नाही. दिसते तेव्हा अप्सरेचा चेहरा हातात येतो.

जुने गवंडी चुना महिनोन्‌महिने भिजवून मुरवत, घाण्यात मळत, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. त्यांच्याकडे रसायनशास्त्राची भाषा नव्हती, पण दगडाशी वागण्याची रीत होती. आज ती रीत जाणणारे हात थोडे उरले आहेत. जतन शिकणाऱ्या मुलाने पुस्तकाइतकाच वेळ त्या हातांशेजारी बसून काढायला हवा.

मराठी वाचकाला या वादाची झळ अलीकडे घरच्याच दोन देवळांत लागली. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूर्ती शतकानुशतकांच्या अभिषेकांनी झिजली. पूजेनेच पूज्य मूर्ती झिजावी, याहून मोठे धर्मसंकट कोणते? मूळ मूर्तीवरचा अभिषेक थांबला, तो उत्सवमूर्तीवर होऊ लागला. २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी मूर्तीचे संवर्धन केले. पुढे मस्तकावरच्या नागचिन्हावरून बराच वाद झाला. वादाचे मूळ नीट पाहिले तर ते हेच आहे: झिजून गेलेले रूप पुन्हा घडवायचे की उरलेले रूप सांभाळायचे? भक्ताला देवी पूर्ण हवी. संवर्धकाला पुराव्यापलीकडे हात लावायचा नसतो. दोघांचेही म्हणणे प्रेमातूनच आलेले आहे.

पंढरपुरात २०२४ साली मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवून मंदिराचे काम झाले. नंतरच्या काळात चढलेली आवरणे उतरवली आणि गाभाऱ्याचा मूळ दगड लोकांना दिसला. काम चालू असतानाच जमिनीखालची खोली सापडली, तिच्यात जुन्या मूर्ती निघाल्या. ज्या देवळात लाखो पावले रोज पडतात तिथेही पायाखाली काय आहे हे ठाऊक नव्हते. वारकऱ्यांनी अडीच महिने दुरून दर्शन घेतले, हेही नोंदवून ठेवावे. जतनासाठी समाजाने दाखवलेला तो संयम कुठल्याही अहवालाइतकाच मोलाचा आहे.

युरोपात या प्रश्नावर दीडशे वर्षांहून अधिक काळ झुंज चालली आहे. जॉन रस्किनने १८४९ मध्येच ‘पुनरुद्धार’ नावाखाली चालणाऱ्या कामाला खोटेपणा म्हटले. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन नियम घालून दिले, ते आजही या व्यवसायाचा कणा आहेत: जिथून अंदाज सुरू होतो तिथे काम थांबवावे, आणि नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असला तरी जवळून पाहणाऱ्याला वेगळा ओळखता यावा. पण हे नियम अवशेषांच्या देशात जन्मले. जपानमध्ये इसे इथले देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. तिथे लाकूड टिकत नाही, सुताराची विद्या टिकते. अशा परंपरांना जागा द्यावी म्हणून १९९४ मध्ये नारा इथे वास्तूच्या अस्सलपणाचा विचार पुन्हा झाला. आपल्याकडे ‘इंटॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ च्या आपल्या सनदेत जीर्णोद्धाराच्या परंपरेला मान दिला. हे योग्यच झाले, फक्त एक सावधगिरी हवी. इसेला विद्या जिवंत आहे म्हणून नवे बांधणे म्हणजे जतन ठरते. ज्या गावात चालुक्य पद्धतीचा खांब कातणारा एकही माणूस उरलेला नाही, तिथे जुना खांब पाडून परंपरेचे नाव घेणे ही फसवणूक आहे.

हुबळीच्या उत्तरेला उणकल आहे. आता ते शहरातच मिसळले आहे. तिथले चंद्रमौळेश्वराचे देऊळ कल्याणी चालुक्यांच्या काळातले, चारही दिशांना दारे असलेले. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण त्याला आहे. घरे मात्र देवळाच्या अगदी जवळपर्यंत आली आहेत. कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण असते. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात त्या शंभर मीटरमध्ये लोक राहतात. वाढत्या कुटुंबाला खोली वाढवता येत नाही, पडवी दुरुस्त करायची तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. देऊळ त्यांना शेजारी वाटण्याऐवजी संकट वाटू लागते.

स्थावर आणि जंगम यांचा बसवण्णांनी मांडलेला प्रश्न आज पोथीत राहिलेला नाही, तो उणकलच्या गल्लीत आहे. दगडाच्या रक्षणासाठी चालत्या-बोलत्या माणसाने किती सोसावे? घरे हटवा म्हणणारा वारसाप्रेमी आणि कायदा हटवा म्हणणारा पुढारी, दोघेही अर्ध्यावर थांबतात. ज्यांना हलवायचे त्यांना मानाने आणि पुरेशा मोबदल्याने जवळच हलवले पाहिजे. ज्यांना हलवण्याची गरज नाही त्यांना दुरुस्तीची परवानगी झटपट मिळाली पाहिजे. जतनाच्या शिक्षणात चुन्याच्या प्रमाणाइतकाच हा विषय शिकवायला हवा, कारण भिंतीचा तडा भरता येतो, शेजाऱ्याच्या मनातला भरणे फार कठीण जाते.

आता धंद्याकडे वळावे. हुबळीत केएलई तंत्रज्ञान विद्यापीठात वास्तुकला शिकता येते. पुढे जतनातली पदव्युत्तर पदवी हवी तर दिल्ली किंवा भोपाळची नियोजन आणि वास्तुकला संस्था, अहमदाबादचे सेप्ट यांचा रस्ता धरावा लागतो. पुरातत्त्वाकडे ओढा असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज मराठी मुलांना जवळचे. लखनौला सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, धारवाडला पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली आणि खासगी व्यवसायालाही बळ मिळाले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला तेव्हा हे काम मानाचे आहे, हे पालकांनाही पटू लागले. वाट आहे, रुंद नाही एवढेच.

मात्र या वाटेवर एक नैतिक खड्डा आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. वास्तुविशारदाचे मानधन बहुधा कामाच्या एकूण खर्चाच्या टक्क्यांवर ठरते. जतनातले उत्तम काम म्हणजे कमीत कमी काम. छपराची गळती थांबवली, पावसाचे पाणी पायापासून दूर नेले, भिंतीतून फुटलेला पिंपळ मुळासकट काढला, तर निम्मे दुखणे बरे होते. त्यात खर्च थोडा, म्हणून मानधनही थोडे. उलट मंडप उकलून नव्याने रचला, नवे फरसबंद केले, दिव्यांची रोषणाई केली की रक्कम वाढते. म्हणजे माणूस जितका प्रामाणिक, तितकी त्याची कमाई कमी. शिवाय सरकारी कामात सगळ्यात कमी दराची निविदा जिंकते. ती भरणारा ठेकेदार रस्त्यांची आणि गटारांची कामे करणारा असू शकतो. गीतेतल्या फलत्यागावर प्रवचन ऐकणे सोपे. स्वतःचे बिल स्वतःच्या हाताने लहान करणे, हा त्या फलत्यागाचा रोजचा व्यवहार आहे. समाजाला असे लोक हवे असतील तर त्यांच्या त्यागावर विसंबून राहू नये. तपासणीचे, देखरेखीचे, वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याचे वेगळे आणि पुरेसे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत.

याला उत्तर देणारी एक घडी कर्नाटकातच बसली आहे. धर्मस्थळच्या मंजुनाथेश्वर धर्मोत्थान न्यासाने १९९१ पासून राज्यातली दोनशेहून अधिक जुनी देवळे सावरली आहेत. खर्चाचा मोठा वाटा राज्य सरकार आणि न्यास उचलतात, उरलेला गावकरी उभा करतात. कलंडलेले देऊळ असेल तर प्रत्येक दगडावर क्रमांक घालून ते उकलायचे, पाया घट्ट करायचा आणि तोच दगड त्याच जागी परत ठेवायचा. गावाचा पैसा लागलेला असल्याने काम झाल्यावर देवळाकडे गावाचे लक्ष राहते. धर्मसंस्था आणि शास्त्र यांचे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. महाराष्ट्रातल्या श्रीमंत देवस्थानांनी हा कित्ता गिरवायला हरकत नव्हती. अजूनही वेळ गेलेली नाही.

पुन्हा सिद्धारूढांच्या अद्वैताकडे येऊ, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर तिथूनच निघते. अद्वैत जगाला मिथ्या म्हणते, पण शशशृंगासारखे अजिबात नसलेले म्हणत नाही. त्याला व्यावहारिक सत्ता देते. ज्ञान होईतो व्यवहाराचे नियम सुटत नाहीत. खोटी साक्ष जगात जगापुरती खोटीच असते. मग नवा दगड जुना म्हणून खपवणे, शिलालेख रंगाखाली दडपणे, अंदाजाने हात-पाय जोडून ‘मूळ रूप’ म्हणून मिरवणे, हे सगळे त्या व्यवहारातले असत्य आहे. जतन करणारा दगडाला अमर करायला निघालेला नसतो. दगड जाणारच, हे त्याच्याइतके जवळून कुणी पाहत नाही. तो फक्त एवढे पाहतो की दगड आहे तोवर त्याने खरे बोलावे. आसक्ती म्हणते, हे माझे रूप कायम राहो. जतनात स्वतःची सही लपवावी लागते, पुढच्या माणसाला आपले काम काढून टाकता येईल अशी सोय ठेवावी लागते. आपण केलेले मिटवण्याची वाट आपणच मोकळी ठेवायची, याला आसक्ती म्हणता येणार नाही. साधना म्हणता येईल.

म्हणून ज्यांच्या गावात जीर्णोद्धाराची बैठक ठरली असेल त्यांना एक विनंती. ठरावात चार कलमे घालून घ्या: पहिला दगड हलवण्याआधी देवळाचे पूर्ण मोजमाप आणि छायाचित्रे होतील, शिलालेखाचे ठसे घेतले जातील, जुन्या दगडाला ऑइलपेंट आणि सिमेंट लागणार नाही, आणि जतन शिकलेल्या एका माणसाचा सल्ला पैसे देऊन घेतला जाईल. देवाला कळशात आणायला पुरोहित बोलावतोच, तेव्हा त्याच आठवड्यात यालाही बोलवा. आणि तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा हेच शिकायचे म्हणत असेल, तर अडवू नका.